शहाळ्यात शिसं

मी कमी बोलते असं सगळे म्हणतात. माहेरी अकोल्याला म्हणायचे, आता सासरी पुण्यालाही म्हणतात. त्यामुळे माझ्या फजितीचे किस्से बहुधा दुसरेच सांगतात. हा एक मात्र माझा मीच सांगितलेला बरा. सासूबाई सांगायला बसल्या की मला बाजू मांडायला जागाच उरत नाही. शिवाय त्या आवाज काढून दाखवतात. माझा आवाज! जो त्या तीन दिवसांत मी जेमतेम दहा वेळा काढला असेल.

तर चहा निवायच्या आत ऐकून घ्या.

लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं: सासूबाई, सासरे, माझा नवरा समीर आणि मी. समीर कॉम्प्युटरवाला. म्हणजे त्या दिवसांत पुण्यात दर दुसऱ्या घरातला मुलगा जे होता, तेच. रोज हिंजवडीला जायचा आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचे प्रोग्रॅम लिहायचा. त्याचं काम नातेवाइकांना समजायचं नाही, पण पटायचं. माझं समजायचंही नाही आणि पटायचंही नाही.

"सून काय करते?" कोणी विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "पाणी तपासते."

"म्हणजे महापालिकेत?"

"नाही. हौसेने."

यात चूक अशी काही नव्हती. मी एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. पाण्यात शिसं, कॅडमियम असले धातू अगदी कणभर, कणाच्याही कणभर असतील, तर ते ओळखणारा सेन्सर बनवायचा, हे माझं काम. आणि गंमत म्हणजे हे ओळखण्याचं काम यंत्र करत नाही. शेवाळ करतं!

खरंच. एका जातीचं शेवाळ वाळवायचं, कुटून त्याची पूड करायची, ती ग्राफाइटच्या पुडीत टाकायची, वर चार थेंब तेल घालून पुरणासारखा लगदा मळायचा आणि पेनाच्या कांडीएवढ्या नळीच्या टोकात ठासून भरायचा. झाला सेन्सर. ही कांडी पाण्यात बुडवली की शेवाळ शिशाला बरोब्बर धरून ठेवतं. का धरतं? त्याच्या पेशीच्या भिंतीवर काही जागा अशा असतात की शिसं दिसलं की सोडवतच नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस डबक्यांकडे फार आदराने बघत होते.

मग कांडीला वीज द्यायची, थोडी थोडी वाढवत. एका ठरलेल्या व्होल्टेजला शिसं कांडीवरून उठतं आणि पाण्यात परत जातं. जाताना करंटचा एक झटका देतं. तो आलेखावर उंचवट्यासारखा दिसतो. तांबं वेगळ्या व्होल्टेजला उठतं, जस्त वेगळ्या. आमच्या घरासारखंच. पाचला खोकल्याचा आवाज आला की सासरे उठले. साडेपाचला कपबशी वाजली की सासूबाई. साडेआठला तीन हाकांनंतर दार आपटलं की समीर. डोळे मिटून सांगता येतं कोण उठलं ते. धातूंचंही तसंच. कल्हईचं कथील तेवढं शिशाच्या जवळपासच उठतं, पण शेवाळ कथलाला विचारतच नाही, म्हणून तर शेवाळ हवं.

तर, आमच्या प्रयोगशाळेतल्या एका हुशार तंत्रज्ञाने या सगळ्यासाठी एक छोटा डबा करून दिला होता. बॅटरीवर चालणारा, एक बटण, एक आकड्यांची खिडकी. बटण एकेक घर फिरवायचं, आकडा लिहायचा, आलेख हाताने काढायचा. माझ्या मॅडम म्हणाल्या, "शनिवार-रविवार घरी घेऊन जा. घरातलं पाणी तपास. प्रयोगशाळेबाहेर चालतो का बघू."

शुक्रवारी संध्याकाळी मी डबा घेऊन घरात शिरले.

"हे काय? मिक्सर?" सासूबाई.

"नाही आई, सेन्सर."

"काय करतो?"

आयुष्यात पहिल्यांदाच घरात कोणीतरी मला हे विचारत होतं! मी शेवाळापासून सुरुवात केली. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मधे एकदाच म्हणाल्या, "ॲसिडचे दोन थेंब? ते बाहेर गॅलरीत. माझ्या ओट्यावर नाही." आणि शेवटी उठल्या आणि फडताळातून पितळी पातेलं काढून माझ्यापुढे ठेवलं.

आता या पातेल्याबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे चिंचगुळाची आमटी याच पातेल्यात होते. स्टीलमध्ये केलेल्या आमटीला सासूबाई 'डाळीचं पाणी' म्हणतात. पातेलं त्यांच्या आईचं. वर्षातून दोनदा त्या ते घेऊन कसबा पेठेत दत्तोबांकडे जातात आणि समोर उभं राहून कल्हई करून आणतात. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवलं तर कळकतं, तोंडात घालवत नाही. पण दत्तोबांची कल्हई म्हणजे आत तोंड बघून घ्यावं. लग्न होऊन आल्यावर मला घरातल्या सगळ्या वस्तूंना हात लावायची मुभा होती, या पातेल्याला नव्हती.

"याच्यात पाणी ठेव आणि तपास," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तुझ्या डब्याला कळेल, चांगलं भांडं कशाला म्हणतात."

रात्रभर पाणी ठेवलं. शनिवारी सकाळी गॅलरीत टेबल मांडलं, सगळ्यांकडे पाठ केली आणि काम सुरू केलं. पाण्यात ॲसिडचे दोन थेंब टाकले, कांडी भरली, बुडवली, पाच मिनिटं थांबले, बटण फिरवत गेले. जस्त उठलं. ठीक. पितळेत जस्त असतंच. पुढे गेले.

आणि शिसं उठलं.

उठलं म्हणजे काय, अंगावरचं पांघरूण फेकून उठलं! डोंगर आला आलेखावर. मी परत केलं. परत डोंगर.

सासूबाई मागे उभ्याच होत्या. "काय म्हणतोय डबा?"

मला खोटं बोलता येत नाही. कमी बोलणाऱ्यांची ही मोठी अडचण असते, सराव नसतो.

"शिसं आहे," मी म्हणाले.

"पाण्यात?"

"पातेल्यात. म्हणजे... कल्हईत असेल. कथलात शिसं मिसळतात कधीकधी."

"दत्तोबा?"

मी कांडी पुसत बसले.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "म्हणजे बत्तीस वर्षं मी या घराला शिसं खाऊ घालतेय."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "तरीच माझे गुडघे," ते म्हणाले.

"गुडघ्यांचा काय संबंध?"

"संबंध बारा वर्षं शोधतोय. आज मिळाला."

एवढ्यात समीर दात घासत बाहेर आला. "शिशाने बुद्धीवर परिणाम होतो ना गं? आई, आठवीत भूमितीत मी नापास झालो होतो, आठवतं? तू मला मारलं होतंस."

"तू आमटी कुठे खायचास? तुझ्या बुद्धीला तूच जबाबदार," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. त्यांनी पातेलं उचललं, पदराने पुसलं आणि दाराजवळ नेऊन ठेवलं. मोडीत द्यायच्या वस्तू ठेवतात तिथे.

 तीन महिन्यांची सून, आणि सासूच्या आईचं पातेलं मी दाराबाहेर काढलं! शत्रूच्या सुनेनेही करू नये असं.

"आई, घाई नको. अजून एकदा बघते—"

"डबा दोनदा बोलला ना? झालं तर. उद्या दत्तोबांना तोंडावर विचारते आणि तिथेच मोडीत घालते."

माझ्या हातात एक दिवस होता.

पण तो एक दिवस मला मिळायला हवा ना! समोरच्या साठेकाकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी दारातलं पातेलं बघितलं. पाच मिनिटांत त्या साखर विसरून स्वतःची पितळी कढई घेऊन आल्या.

"तपास गं. आमची कल्हई दुसऱ्याची आहे."

तपासली. शिसं!

"बघ!" साठेकाकू जवळजवळ आनंदाने म्हणाल्या. "सगळे एका माळेचे मणी."

मग तिसऱ्या मजल्यावरून तपेली आली. तळमजल्यावरून परात. आमच्या गॅलरीत रांग लागली. मी पाठ करून काम करत होते, मागे कोण कोण जमतंय ते बघायलाही फुरसत नव्हती. सगळ्यांत शिसं. मग कोणीतरी शहाणपणाने स्टीलच्या डब्यातलं पाणी आणलं.

त्यातही शिसं.

आता स्टीलला कुठली कल्हई? खरं तर तिथेच मी थांबायला हवं होतं. मी तोंड उघडलं, "पण स्टीलमध्ये कसं..."

"म्हणजे नळाला!" सासरे खुर्चीतून उठले. ते सोसायटीचे सचिव. निवृत्त झाल्यापासून असा दिवस ते वाटच बघत होते. दहा मिनिटांत खाली फळ्यावर सूचना लागली: 'पाण्यात शिसे आढळले आहे. कोठून आले याचा शोध चालू आहे. तोपर्यंत ज्यांना पाणी प्यायचे असेल त्यांनी आपापल्या जबाबदारीवर प्यावे.'

दुपारपर्यंत टाकी रिकामी करायला माणसं आली. अख्ख्या सोसायटीचं पाणी गेलं. ज्यांचं गेलं ते सगळे आमच्याकडे आले, प्रत्येकाच्या हातात एक बाटली. उकळलेलं पाणी, फिल्टरचं पाणी, काशीहून आणलेलं गंगाजल. सगळ्यांत शिसं! गंगाजलात निघालं तेव्हा त्या आजी म्हणाल्या, "असेल बाई, तिथे काय काय टाकतात." लोकांना काय, कारण सापडतंच.

रविवारी सकाळी तळमजल्यावरचे एक काका आले. शांत माणूस. त्यांनी टेबलावर एक शहाळं ठेवलं, समोर कापून घेतलं आणि म्हणाले, "हे तपासा."

तपासलं. शिसं.

शहाळ्यात!

"कोकणची माती," सासरे गंभीरपणे म्हणाले. "खनिजं फार आहेत तिकडे."

पण ते काका माझ्याकडेच बघत होते. शहाळं उचललं, उरलेलं पाणी शांतपणे प्यायले आणि निघून गेले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. शहाळ्याच्या पोटात शिसं कोण घालणार? शिसं जर सगळीकडेच आहे, तर ते कुठेच नाही. ते माझ्याकडे आहे. ॲसिडमध्ये? बाटलीत? लगद्यात? आमच्या शास्त्रात पहिला धडा असतो: आधी काहीही नसलेलं शुद्ध पाणी तपासायचं. त्यात काही आलं तर खोट आपली. याला 'ब्लँक' म्हणतात. पहिल्या वर्षाची पोरंही करतात. मी केलं होतं का? प्रयोगशाळेत केलं होतं. घरी? घरी मला सासूबाईंना पातेलं दाखवायची घाई होती.

आणि शुद्ध पाणी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळेला रविवारी कुलूप.

"चल," सासूबाई म्हणाल्या. पातेलं पिशवीत घातलेलं होतं. "डबाही घे. दत्तोबा नाही म्हणाले तर तोंडासमोर दाखव."

"आई, मला वाटतं माझंच काहीतरी..."

"गाडी काढ."

मी तोंडाला ओढणी गुंडाळून माझी दुचाकी काढली, मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर पातेलं, माझ्या पायाशी डबा. प्रत्येक गतिरोधकाला पातेलं माझ्या पाठीवर ठण्ण करून आपटत होतं. कर्वेनगर ते कसबा पेठ किती गतिरोधक आहेत, माझ्या पाठीला विचारा.

दत्तोबांचं दुकान म्हणजे एक खण. पुढे भाता, मागे भांडी, मधे दत्तोबा. सत्तरीचे असतील. सासूबाईंना बघून उठले. "या वहिनी! अहो, दिवाळीला नेलंत ना पातेलं? एवढ्यात उडाली कल्हई?"

"दत्तोबा, कथलात शिसं घालता?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट. भात्याचा आवाज थांबला. शेजारच्या दुकानात हातोडी चालू होती, तीही थांबली.

"कोण म्हणतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी डब्याकडे बोट केलं. डब्याला बोट नव्हतं, नाहीतर त्याने शेवाळाकडे केलं असतं.

दत्तोबा चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फळीवरून कथलाची एक बारीक कांब काढली, माझ्या कानाजवळ धरली आणि म्हणाले, "ऐका, सूनबाई." आणि कांब हळूच वाकवली.

करर्र... करर्र...

बर्फावर चालल्यासारखा, दात खाल्ल्यासारखा आवाज! धातूतून!

"रडतंय," दत्तोबा म्हणाले. "शुद्ध कथील वाकवलं की रडतं. शिसं मिसळलं की गप्प बसतं."

सासूबाईंनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. मी दुर्लक्ष केलं.

मग दत्तोबांनी तीच कांब कागदावर घासली. काही उमटलं नाही. मासे धरायच्या गळाला वजन म्हणून बांधतात त्या शिशाचा तुकडा घासला, तर पेन्सिलीसारखी करडी रेघ. "माझ्या वडिलांनी शिकवलं. आजवर एकाही भांड्यात रेघवालं कथील लावलं नाही."

मी सगळं विसरले. खरं सांगते, पातेलं, सासूबाई, रिकामी टाकी, सगळं. "का रडतं?" मी विचारलं. "आतले स्फटिक एकमेकांवर सरकत असतील का? आणि शिसं मिसळलं की सरकतच नसतील? किती मिसळलं तर थांबतं? चिमूटभर मिसळलं तरी कळतं कानाला?"

दत्तोबा हसले. "का, ते तुम्ही सांगायचं. कळतं, एवढं मला कळतं."

"हिला बोलता येतं तर," सासूबाई म्हणाल्या.

"आता तुमचा डबा बघू," दत्तोबा म्हणाले. त्यांनी नुकतीच कल्हई केलेलं एक तपेलं पुढे केलं, त्यात त्यांच्याच माठातलं पाणी ओतलं. "करा."

आणि इथे, मंडळी, मला एक कबुली द्यायची आहे. एक गोष्ट मी तुमच्यापासून आतापर्यंत लपवून ठेवली. घरातही लपवली होती. म्हणून तर सगळ्यांकडे पाठ करून बसत होते.

लग्न होऊन निघाले तेव्हा आईने माझ्या पर्समध्ये एक पुडी घातली होती. आमच्या गावच्या मारुतीची. "कुठल्याही कामाला हात घालताना जरासं लाव," असं म्हणाली होती. प्रयोगशाळेत मी कधी पुडी काढली नाही, तिथे सगळे हसले असते. पण आता डबा पहिल्यांदा घरी आला होता, शनिवारी सासूबाई मागे उभ्या, आणि मला वाटलं, एवढं रीडिंग नीट येऊ दे रे देवा. मग बोटावर चिमूटभर घेऊन डब्याच्या कोपऱ्यात टिळा लावला, नमस्कार केला, ओढणीला बोट पुसलं. आणि त्याच बोटाने लगदा नळीत ठासला. प्रत्येक वेळी. पातेल्याला, कढईला, गंगाजलाला, शहाळ्याला.

पण दत्तोबांच्या एका खणात पाठ करायची कुठे? भिंतीकडे तोंड केलं तर भात्यावर नाक आपटत होतं. मी शक्य तेवढी आडोशाला सरकले, पुडी उघडली.

"सूनबाई, ते काय?"

"काही नाही."

"काही नाही हे नारिंगी असतं होय?"

सासूबाई वाकल्या. "अगं, शेंदूर! कुठून आणलास?"

"आईने दिलाय," मी म्हणाले. माझा आवाज कथलापेक्षाही बारीक निघाला. "मारुतीचा. रीडिंग चांगलं यावं म्हणून."

दत्तोबांनी पुडी हातात घेतली, एक बोट लावून चोळून बघितलं आणि मान हलवली. मग अगदी हळू, समजुतीने म्हणाले, "वहिनी, शेंदूर कशाचा करतात ठाऊक आहे?"

"कशाचा?"

"शिशाचा. भट्टीत शिसं भाजत नेलं की शेंदूर होतो."

सासूबाईंनी पुडीकडे बघितलं, मग डब्याकडे, मग माझ्या बोटाकडे.

आणि लक्षात घ्या, मला हे माहीत होतं! मी एमएस्सीला पहिल्या वर्गात आलेली मुलगी! लेड टेट्रॉक्साइड, शिशाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार, रंग नारिंगी-लाल, आम्लात थोडं विरघळतं. परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळाले होते. पण वहीतलं ते लेड टेट्रॉक्साइड आणि आईने दिलेला तो शेंदूर, यांची माझ्या डोक्यात कधी ओळखच झाली नव्हती. दोघं एकाच घरात राहून एकमेकांना न ओळखणारे भाडेकरू!

"बोट पुढे करा," दत्तोबा म्हणाले. त्यांनी भांडी घासायची चिंच घेतली आणि माझ्या हातावर ठेवली. "भांड्याला जे चालतं ते बोटालाही चालतं. नखात घाला."

मी चिंचेने बोट घासलं. मग साबणाने. मग परत चिंचेने. नळीतला जुना लगदा काढून टाकला, नवा भरला. या वेळी लगद्याला बोट लावलंच नाही, स्वच्छ काडीने ठासला. दत्तोबांचं तपेलं बाजूला ठेवलं आणि सासूबाईंच्या पातेल्यात पाणी घेतलं.

पाच मिनिटं. सासूबाई पातेल्याच्या कडेवर हात ठेवून उभ्या. शेजारचे दोन कारागीरही येऊन बघत होते.

बटण फिरवलं. जस्त उठलं. पुढे... पुढे... शिशाची जागा आली. आकडा हललाच नाही. मी परत मागे नेऊन पुढे आणलं. काही नाही. शिशाच्या जागी आलेख झोपलेला, समीर रविवारी झोपतो तसा.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही."

सासूबाईंनी पातेलं उचललं आणि छातीशी धरलं. मग दत्तोबांकडे वळून म्हणाल्या, "दत्तोबा, मी तुम्हाला तोंडावर विचारायला नको होतं."

"तोंडावर विचारलंत म्हणून तर सुटलो," दत्तोबा म्हणाले. "मागे विचारलं असतं तर आयुष्यभर शिसं चिकटलं असतं." आणि माझ्याकडे बघून, "सूनबाई, डबा मात्र पक्का आहे तुमचा. बोटाला लागलेलं एवढंसं शिसं शहाळ्यात धरतो म्हणजे! माझ्या कानालाही जमलं नसतं."

सोमवारी मॅडमही नेमकं हेच म्हणाल्या. सेन्सर उत्तम, शेवाळ उत्तम, डबा उत्तम. प्रयोगशाळेबाहेर सगळं चोख चाललं. बदलायला हवी अशी एकच वस्तू त्यांना सापडली, आणि ती खुर्चीवर त्यांच्यासमोर बसली होती.

पण ते सोमवारी. रविवारी परत येताना सासूबाई माझ्या मागे बसल्या होत्या. पातेलं या वेळी त्यांनी घट्ट धरलं होतं, पाठीला लागत नव्हतं. मला तेच जास्त टोचत होतं. नदीवरचा पूल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "पुडी टाकलीस का?"

"नाही," मी म्हणाले. "आईने दिलीये..."

"टाकू नकोस. देवघरात ठेव. कामाला जाताना नमस्कार कर." आणि जरा थांबून, "लांबून."

सोसायटीत शिरलो तर जिन्यात सगळ्या बायका उभ्या. पाणी अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे कोणाला घरात काही काम नव्हतं. फळ्याजवळ सासरे खडू घेऊन तयार. सगळ्यात पुढे साठेकाकू.

मी ओढणी सोडलीच नाही. तोंड झाकलेलं होतं तेवढंच बरं होतं. आता सासूबाई काय सांगणार, यावर माझी पुढची तीस-चाळीस वर्षं अवलंबून होती.

"काय निघालं हो?" साठेकाकूंनी विचारलं.

"पातेलं निर्दोष आहे," सासूबाई म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या. "दत्तोबा निर्दोष. नळ निर्दोष. गंगा निर्दोष. कोकण निर्दोष."

"अहो, मग एवढं शिसं आलं कुठून?"

सासूबाई चौथ्या पायरीवर थांबल्या. पातेलं एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग साठेकाकूंकडे.

"लग्नात सगळ्या खोदून खोदून विचारत होतात ना, सुनेने माहेराहून काय आणलं?" त्या म्हणाल्या. "घ्या. सापडलं."